गुंडाळून ठेवलेली दावी

मला राग लवकर येतो आणि लवकर जातो, असं आई सगळ्यांना सांगायची. लवकर येतो हे खरं आहे. जाण्याबद्दल ती आईच्या मायेनं बोलत असावी. त्याहून वाईट खोड म्हणजे मला पसारा बघवत नाही. तांब्या होता तिथं ठेवावा, विळी मिटून भिंतीला लावावी, दोरी सोडली की गुंडाळून खुंटीला अडकवावी. तुळजापूरच्या आमच्या बिऱ्हाडात माणसं इतकी होती, की एखादी वस्तू जागेवर नसली तर माणसाला बसायला जागा उरायची नाही. तेव्हापासून मी माणूस त्याच्या बोलण्यावरून ओळखत नाही. हातातली वस्तू त्यानं काम झाल्यावर कुठं टाकली, ते बघते.

राज्य बदललं होतं. निजाम गेला, मागोमाग हैदराबादही सुटलं आणि आम्ही मुंबईला जोडले गेलो. कचेऱ्यांतली उर्दू जाऊन मराठी आली आणि तिच्या पाठोपाठ गावोगाव विकासाचा ब्लॉक आला. त्या ब्लॉकात मी ग्रामसेविका म्हणून लागले. नळदुर्गाच्या अलीकडचं एक गाव माझ्या वाट्याला आलं. बायकांना बिनधुराची चूल शिकवायची, लेकरांना देवी टोचून घ्यायला लावायचं, शिवण दाखवायची, असं माझं काम. तरुण पोरं माझ्याकडं नव्हती. ती माझ्या जोडीच्या ग्रामसेवकाकडं. त्यानं युवक मंडळ काढायचं आणि त्यातून गावाचे उद्याचे पुढारी घडवायचे, असा वरून हुकूम होता. पहिल्या दिवशी चांगल्या घरची सगळी पोरं आली, व्हॉलीबॉल खेळली, फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी कुणी फिरकलं नाही, कारण चांगल्या पोरांना घरी कामं असतात. मग मंडळाच्या ओट्यावर वाया गेलेली तेवढी येऊन बसू लागली आणि ग्रामसेवक सायकल घेऊन दुसऱ्या गावाला जाऊ लागला.

वाया गेलेली पोरं चार होती. मिसरूड फुटलेली, अंगानं दणकट, आणि सकाळपासून रिकामी. दोन यत्ता उर्दूत झाल्यावर शाळा मराठी झाली, तेव्हा ती दोन्ही भाषांतून सुटून बाहेर आली होती. त्यांतले दोघे चुलतभाऊ, एकाला शिंक आली की दुसरा नाक पुसायचा. तिसरा पिंजाऱ्याचा, गाद्या पिंजायचं काम बापालाच पुरत नव्हतं तर त्याला कुठून मिळणार! चौथा त्यांचा म्होरक्या, एका विधवेचा एकुलता एक, केसांना चपचपीत तेल लावून फिरणारा.

लग्नसराईत चौघांना नुसतं उधाण यायचं. एकदा त्यांनी फाट्यावर उभं राहून अख्खं वऱ्हाड भलत्याच गावाला पाठवलं. त्या गावातही लग्न होतं. वऱ्हाड तिथं तडस लागेपर्यंत जेवलं आणि नवरदेवाला बोहल्याकडं न्यायच्या वेळी तिथं आधीच एक नवरदेव उभा असल्याचं लक्षात आलं. वऱ्हाडाच्या गाड्यांचे बैल सोडणं ही तर म्होरक्याची खास विद्या. घुंगुरमाळांत चिंध्या कोंबून तो असे बैल सोडायचा, की गाडीला टेकून बसलेल्या गाडीवानाला पत्ता लागायचा नाही. लोक शिव्या द्यायचे आणि मागाहून हसायचेही. पोलीस पाटील मात्र हसत नव्हते. त्यांनी म्होरक्याच्या आईला चावडीवर बोलावून सांगितलं, "आता एक जरी बोंब माझ्या कानावर आली, तर चौघांची नावं नळदुर्गाच्या ठाण्यात लावीन."

ठाण्यात नाव लागणं म्हणजे काय हे गावाला ठाऊक होतं. पंचक्रोशीत कुणाची शेळी हरवो, कुणाचं खळं लुटलं जावो, आधी त्या घरावर शिपाई. असल्या माणसाला कुणी सालगडी म्हणून ठेवत नाही आणि मुलगीही देत नाही. ती माउली माझ्या दारात येऊन बसली.

"बाई, ह्येला कायबी कामाला लावा. नाव लागलं तर कोण दारात उभं करंल ह्येला?"

मी तिला चहा दिला आणि हे माझं काम नाही असं समजावून सांगितलं. ती हो हो म्हणाली आणि उद्या पुन्हा येते म्हणून गेली.

दुसऱ्याच दिवशी चावडीपाशी मी नमुन्यादाखल बांधलेल्या चुलीचं पत्र्याचं नळकांडं नाहीसं झालं. पारावर पिंजाऱ्याचा पोरगा ते तोंडाला लावून तुतारी वाजवत होता. माझ्या हातात ओल्या मातीचा गोळा होता. पुढचं मागचं न बघता मी तो भिरकावला. गोळा तुतारीला न लागता म्होरक्याच्या तेलकट केसांत बसला. त्यानं कपाळावर आलेली माती बोटानं निरपली आणि म्हणाला, "बाई, नेम चांगला हाय तुमचा."

मला हसू फुटलं. एकदा हसल्यावर रागावणं जमत नाही, म्हणून मी हुकूम सोडला, की नळकांडं उपटताना चूल पाडलीत, आता बांधून द्या. त्यांनी बांधली. मग गावात आणखी चुली बांधल्या. घमेलं जिथल्या तिथं टाकून निघाले की मी परत बोलवायची, धुऊन जागेवर ठेवायला लावायची. "वापरली वस्तू जागेवर!" असं ते चौघं माझ्या आवाजात, माझ्यासारखी मान वेळावून, रस्त्यानं एका सुरात ओरडत जायचे. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची, कारण नक्कल करता करता घमेली खरोखरच धुतली जात होती.

पण चुली किती बांधणार? गावाला चुली पुरेशा झाल्या. तेव्हा मी त्यांना आप्पांपुढं नेऊन उभं केलं. आप्पा म्हणजे आसपासच्या गावांतल्या लग्नांचे लिंगायत आचारी. कांडून सडलेल्या गव्हाची, गुळातली, खसखस-खोबरं घातलेली खीर, तिला आमच्याकडं हुग्गी म्हणतात, ती आप्पांनीच करावी. पण आता आप्पा थकले होते आणि तांब्याची भली मोठी डेग चुलाण्यावरून उतरवायला त्यांना माणसं मिळत नव्हती. चौघांकडं बघून ते कानडीत काहीतरी पुटपुटले. मला अर्थ लागला नाही, पण त्यात देवाचं नाव होतं.

त्या सराईत लहानसहान लग्नं पार पडली. चुलाण खणणं, भांडी घासणं, पंगतीला वाढणं, सगळं चौघं शिकले. आप्पा शिव्या द्यायचे त्याही कमी झाल्या. अशात पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. स्वयंपाक आप्पांचा, म्हणजे पोरं ओघानं आलीच. पाटील माझ्याकडं आले.

"बाई, चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या द्या म्हणताव व्हय?"

"किल्ल्या नका देऊ पाटील, वाढायचं ओगराळं द्या."

"जित्याची खोड हाय ती. माझ्या मांडवात कायबी कमीजास्त झालं, तर मांडव उतरायच्या आत चौघांची नावं ठाण्यात जात्याल. मग माझ्याकडं येऊ नगा."

"येणार नाही," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

एका गोष्टीवर मी भांडले आणि हरले. पंगतीत कोण वाढणार आणि कोण लांब राहणार हे गावानं आपल्या रीतीनं ठरवलं. म्होरक्या आणि दोघे चुलतभाऊ वाढायला, आणि पिंजाऱ्याच्या पोरानं फक्त सरपण फोडून जाळ घालायचा, डेगीला हात लावायचा नाही. तो सरपण रचायला लागला. म्होरक्यानं मात्र त्या दिवशी दोन ओंडके उगाचच जोरानं फोडले.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. दुपारी आमच्याकडच्या पाहुण्यांची आणि गावाची पंगत, आणि अक्षता पडल्यावर वऱ्हाडाची. मी तिघांना बजावलं, "आग्रह करून वाढा. पान रिकामं दिसलं नाही पाहिजे. आज गावानं तुमचं नाव काढलं पाहिजे."

हे सांगताना ही पोरं कोण आहेत याचा मला विसर पडला. त्यांनी पंगतीत बसलेल्या निम्म्या माणसांचं काही ना काही पळवलेलं होतं. ज्या म्हातारीच्या कोंबड्या गेल्या होत्या तिच्या पत्रावळीवर म्होरक्यानं ओगराळ्यामागून ओगराळं उपडं केलं. ज्याच्या विहिरीचा दोर कापला होता त्याच्यापुढं चुलतभाऊ गुडघ्यावर बसला, "घ्या मामा, माझी आन हाय." पाप फेडायची इतकी सोपी सोय त्यांना कुणी आजवर दिलीच नव्हती. आणि गावही काही कमी नव्हतं. एरवी दोन घास खाऊन ढेकर देणारी माणसं, ही कार्टी हात जोडून उभी राहिलेली बघून मांड्या सैल करून पुन्हा बसली. झालेली नुकसानी प्रत्येकानं हुग्गीत वसूल केली.

पंगत उठली. आप्पांनी डेगीत डोकावून बघितलं आणि ते मटकन खाली बसले.

"वऱ्हाडाला किती उरलीय आप्पा?" मी विचारलं.

"चाटायपुरती."

व्याह्याच्या पंगतीत गोड नाही म्हणजे बेइज्जतीच. दुसऱ्या दिवशीच्या पाठवणीच्या जेवणासाठी आप्पांनी गहू भिजवून ठेवले होते, तेवढाच आधार. आप्पा उठले, त्यांनी कुणालाही न सांगता ते गहू डेगीत घातले आणि पिंजाऱ्याच्या पोराला म्हणाले, "जाळ." पण सडलेला गहू काही माणसांच्या घाईनं शिजत नाही. तिकडं नवरदेव मारुतीच्या देवळातून घोड्यावर निघाला होता. अक्षता पडल्या की वऱ्हाड सरळ पानावर बसणार, आणि डेगीतला गहू तोवर टणकच असणार.

चौघं सरपणाच्या ढिगाऱ्यामागं जमले. मीही गेले.

"नवरदेवाचा जोडा उचलू," एक चुलतभाऊ म्हणाला.

"येड्या, पंगतीत समदी अनवाणीच बसत्यात," म्होरक्या म्हणाला.

"मग व्याह्याचा पटका?"

"बोडक्यानं जेवंल. भूक लागल्यावर पटक्याची कुणाला फिकीर?" त्यानं वऱ्हाडाच्या गाड्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "पर बैल सुटला तर कुणबी पानावर बसत न्हाय. ताट सोडंल, पर बैल सोडणार न्हाय."

"नको," मी म्हणाले. "सापडलास तर चौघांची नावं जातील."

"म्हणून तर एकलाच जातो." तो तिघांकडं वळला. "तुमी आपापल्या जागेवर उभं ऱ्हावा, समद्यांना दिसंल आसं. नाव लागलं तर माझं एकट्याचं लागंल. बाई, तुमी आत जावा. तुमाला ह्यातलं काय ठावं न्हाय."

पुढाऱ्याची व्याख्या ब्लॉकच्या शिबिरात आम्हाला फळ्यावर लिहून दिली होती. ती मला तेव्हा काही आठवली नाही. मी आत गेले ती भांड्यांच्या कोठीत, आणि तिथं रडले. भांडी नीट लावली होती, तेवढंच समाधान.

मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, वाजंत्र्यांनी कल्लोळ केला. वऱ्हाड हात धुवायला निघालं आणि बाहेरून कुणीतरी ओरडलं, "बैलं सुटली! बैलं!" मग काय विचारता! गाडीवान धावले, त्यांच्यामागं वऱ्हाडातले तरणे धावले, आणि सगळ्यांच्या पुढं धोतराचा सोगा हातात धरून नवरदेवाचे वडील. त्यांची खिलारी जोडी होती आणि सुनेपेक्षा ती त्यांना जुनी. मांडवात नवरानवरी, भटजी आणि म्हाताऱ्या तेवढ्या उरल्या. शिवारात हाका सुरू झाल्या. बैल बिचारे खालच्या ओढ्यात पाणी पीत, शांतपणे रवंथ करत उभे होते. पण ओढ्याची वाट परक्या माणसांना सापडायला वेळ लागला. ती दाखवायला अखेर म्होरक्याच पुढं झाला आणि खिलारी जोडी स्वतः धरून घेऊन आला. तोवर पिंजाऱ्याच्या पोरानं असा जाळ घातला होता, की आप्पांनी पहिल्यांदाच त्याला शाबास म्हटलं. डेग उतरली. वऱ्हाड धापा टाकत पानावर बसलं, कडकडून भुकेलं, आणि गरम हुग्गीवर तुपाची धार पडली.

"पाटील," नवरदेवाचे वडील भरल्या तोंडानं म्हणाले, "पोरं लई गुणाची हायत तुमच्या गावची. बैलं गोळा करून दिली, वर वाढायलाबी तीच."

पाटील मान डोलावत होते, पण हसत नव्हते. थोड्या वेळानं ते कंदील घेऊन उठले आणि मला खुणेनं बोलावलं. गाड्या सोडल्या होत्या तिथं आम्ही गेलो. कंदील वर धरून ते गाडीगाडीपाशी थांबत गेले. प्रत्येक गाडीच्या जुवावर बैलांची दावी होती. कुठंही पडलेलं, लोंबणारं एकही नाही. सगळी नीट वेटोळी करून, ज्याची त्याच्या गाडीवर. शेवटच्या गाडीवर घुंगुरमाळांतून काढलेल्या चिंध्या, त्याही घडी घालून.

हे माझंच काम होतं! महिनोन् महिने ओरडून मी जे हाताला लावलं होतं, ते त्या हातानं अंधारात, जिवावर बेतलेलं असतानाही केलं होतं आणि स्वतःलाच पकडून दिलं होतं.

"बाई," पाटील म्हणाले, "चोर दावं टाकून पळतो. खोड जुनीच हाय, पर ही घडी नवी हाय. कुणाची?"

उत्तर द्यायची वेळ आली नाही. म्होरक्या मागून येऊन उभा होता, हातात हुग्गीची बादली तशीच.

"म्या सोडली पाटील. एकट्यानं. त्या तिघांना इचारा, ती जागेवरून हालली न्हाईत. नाव लावायचं तर माझं लावा."

"का सोडलीस?"

"हुग्गी सपली हुती. दुपारी आग्रह लई झाला. दुसरी शिजूस्तवर तुमच्या अक्काच्या लग्नाला बोल लागला आस्ता."

पाटलांनी कंदील खाली ठेवला. त्यांच्या मिशा हलायला लागल्या. मला वाटलं आता फुटणार, आणि ते फुटलेच, पण हसू. इतकं हसले की जू धरून उभं राहावं लागलं. मग डोळे पुसून एकदम खेकसले, "बघतोस काय? पंगत बसलीय. वाढायला पळ!"

पण नाव लावणार नाही, असं ते म्हणाले नव्हते. मांडव उतरला आणि दुसऱ्याच सकाळी पाटील गाडी जुंपून नळदुर्गाला गेले. गाडीत काय होतं ते घोंगडीखाली झाकलेलं. म्होरक्याची आई दिवसभर माझ्या दारात बसून राहिली. गाड्यांपाशी पाटील हसले होते, एवढंच पुन्हा पुन्हा सांगून मी तिला धीर देत होते. चौघं पारावर बसले होते, पण त्या दिवशी कुणी कुणाची टिंगल केली नाही.

दिवस कलल्यावर गाडी परत आली. पाटलांबरोबर एक परका माणूस होता, पण शिपाई नव्हता. पाटलांनी घोंगडी ओढली. त्यांच्या घरातली जुनी डेग, नव्या कल्हईनं लखलखत होती. परका माणूस खाली उतरला आणि त्यानं पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली. भांड्यांवर नावं घालणारा होता तो.

"आप्पा आता दमले," पाटील चौघांना म्हणाले. "फुडल्या सराईला तुमी करा. भांडं माझ्याकडून. नावं सांगा."

म्होरक्या पुढं झाला. नावं मी इथं लिहीत नाही, ती त्यांची त्यांच्याजवळ. पण क्रम सांगते. सगळ्यांत वर त्यानं पिंजाऱ्याच्या पोराचं नाव घालायला लावलं. त्याच्याखाली दोघा चुलतभावांची. सगळ्यांत खाली, डेगीच्या पोटाशी, स्वतःचं.

त्याच्या आईला वाचता येत नव्हतं. तिनं बोट फिरवत विचारलं, "ह्येचं कुठलं?" मी दाखवलं. "मग खाली का? म्होरक्या ना ह्यो?"

म्होरक्या पिंजाऱ्याच्या पोराकडं बघून म्हणाला, "आये, खालचं नाव जाळाजवळ आसतं. ह्येनं लई जाळ सोसलाय. आता ह्यो वर."

पुढं त्या चौघांनी आमच्या ब्लॉकच्या पुढारी शिबिराचा स्वयंपाक केला. त्यानंतर जिल्ह्याच्या गावी विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाची खानावळ त्यांच्याकडं आली. तिथं डेगीला हात कुणी लावायचा हे म्होरक्यानं ठरवलं आणि चौघांनी लावला. शेजारच्या गावांतली आणखी वाया गेलेली पोरं त्यांनी तिथं नेली. त्यांना माती मारून आणलं की कसं, ते मी विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी मी त्या खानावळीत गेले. माझी बदली झाली होती, लग्न झालं होतं, राग होता तेवढाच होता. म्होरक्या बाजाराला गेला होता. स्वयंपाकघरात शिरले आणि सवयीनं चौफेर बघितलं. ओगराळी खुंटीला, बादल्या पालथ्या, दोर गुंडाळलेला. नाव ठेवायला जागा नव्हती. डेग कोपऱ्यात होती. वरची तीन नावं स्वच्छ होती आणि चौथं जाळानं काळं पडून अजिबात दिसत नव्हतं. मी पदर खोचला, चुलीतली चिमूटभर राख घेतली, ते नाव वाचता येईपर्यंत घासलं, आणि डेग पुन्हा जागेवर ठेवली.